कुणाची कॉन्फरन्स भारी

अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी विचारायला नको, की बाई, यात बोलायचा अधिकार तुला कुणी दिला. कुणी दिला नव्हता. मीच घेतला.

दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये मी नागपूरहून ॲन आर्बरला आले. अर्ज पीएचडीचा केला होता, हातात पडलं मास्टर्स. पत्र मोठं सभ्य होतं. तुमचे पदवीचे गुण आमच्या नेहमीच्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी आहेत, तेव्हा आधी मास्टर्स करा, प्रोजेक्ट चांगलं झालं तर पीएचडीचा विचार करू. मला एकसष्ट टक्के होते. आमच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला एकसष्ट टक्के म्हणजे काय, हे त्या पत्र लिहिणाऱ्याला कुठून कळावं? आमचे मास्तर मार्क देताना असा हात आखडता घ्यायचे, जसं काही ते त्यांच्या पोराबाळांच्या तोंडचं काढून देताहेत. वर्गातल्या निम्म्या पोरांचे विषय राहायचे. फर्स्ट क्लास आला की घरी पेढे यायचे आणि शेजारचे काका मुद्दाम चौकशीला यायचे.

माझी रूममेट पुण्याची. आमच्याच विभागात, पण थेट पीएचडीला, कारण तिला शहात्तर टक्के. मुलगी मनाने चांगली होती. मला ताप आला तेव्हा तिनेच मऊ भात करून भरवला, हे मी विसरलेले नाही. पण मी ‘काय करून राहिलीस?’ असं विचारलं की तिला हसू फुटायचं, आणि रविवारी घरी फोन केला की ती आईला सांगायची, रूममेट नागपूरची आहे, मास्टर्सला आहे. ‘मास्टर्सला’ म्हणताना तिचा आवाज जरा खाली जायचा, कुणाच्या आजारपणाबद्दल बोलावं तसा. एकदा मी तिला सरळच विचारलं, की तुझे शहात्तर आणि माझे एकसष्ट, यातलं भारी कोणतं हे तुला कसं कळतं? ती म्हणाली, अगं, आमच्या युनिव्हर्सिटीचा स्टँडर्डच वेगळा आहे, सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना म्हणजे कुणाला, तर पुण्यातल्या सगळ्यांना.

माझं डोकं तेव्हापासूनच तापलेलं होतं. त्यात ते फुटबॉल आलं.

ॲन आर्बरमध्ये सप्टेंबर लागला की शनिवारी माणसाला शांत बसायची सोय नसते. सगळं गाव निळ्या-पिवळ्या कपड्यांत. बसचे रस्ते बदलतात, लोक आपल्या अंगणातल्या हिरवळीवर परक्यांना गाड्या लावू देतात, आणि स्टेडियमकडून एकदम गर्जना आली की घरात बसून डाळीला फोडणी देणाऱ्या माणसालाही कळतं, आपली टीम पुढे गेली. मला स्टॅटिस्टिक्स शिकवणारे प्रोफेसर या गावातलेच, जन्मापासूनचे. उंच, पांढऱ्या मिशांचे, शिकवण्यात एक नंबर. सोमवारी वर्गात आले की पहिली दहा मिनिटं शनिवारच्या मॅचची व्हायची. टीम हरली असेल तर त्या दिवशी कुणी शंका विचारत नसे. आणि हेच प्रोफेसर पीएचडीला कुणाला घ्यायचं ते ठरवणाऱ्या कमिटीचे प्रमुख होते. माझ्या पत्राखाली सही त्यांचीच होती.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी फळ्यावर प्रोजेक्टचे विषय लिहिले. कारखान्यांचे, हॉस्पिटलांचे, विमानांच्या वेळांचे. सगळ्यात शेवटी एक लिहिला आणि मिशीतल्या मिशीत हसले: कॉलेज फुटबॉलमधली कुठली कॉन्फरन्स सगळ्यात बलवान, हे आकड्यांनी सिद्ध करा. कॉन्फरन्स म्हणजे गट. देशातल्या कॉलेजांच्या टीम अशा गटांत वाटलेल्या असतात, आणि प्रत्येक टीम बहुतेक सामने आपल्याच गटात खेळते. वर्षाच्या शेवटी अख्ख्या देशातून दोन टीम निवडायच्या आणि त्यांच्यात शेवटचा सामना लावायचा. त्या दोन कोणत्या, हे तेव्हा काही मतांवर आणि काही कॉम्प्युटरवर ठरायचं. त्यामुळे भांडण एकच. तुमची टीम सगळे सामने जिंकली असेल हो, पण कुणाशी? तुमचा गटच लेचापेचा असला तर त्या जिंकण्याला काय किंमत? दक्षिणेकडचे म्हणायचे आमचा गट भारी, आमच्याकडचे म्हणायचे आमचा.

अमेरिकन पोरांनी त्या विषयाला हात लावला नाही. त्यांना माहीत होतं की प्रोफेसरांना हवं ते उत्तर आलं नाही तर धडगत नाही. मी हात वर केला. स्वार्थ होता, लपवत नाही. सही ज्यांच्या हातात, विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा, याहून चांगला योग कुठला? रूममेट म्हणाली, यार, तुला टचडाउन म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? मी म्हटलं, शिकेन. आणि शिकले. दोन आठवड्यांत नियमांचं पुस्तक पाठ केलं आणि पाच हंगामांचे सगळे निकाल एका फाइलमध्ये भरले.

मग बसले ते आकडे बघत. आणि एका दुपारी लायब्ररीत माझ्या लक्षात आलं, की या ढिगातले बहुतेक सामने मला काहीच सांगत नाहीत. गटातल्या गटात एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतोच. गट पैलवानांचा असो की पाप्याच्या पितरांचा, आतली बेरीज तेवढीच भरते. आत कुणी सगळे सामने जिंकतो, कुणी सगळे हरतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही गट सारखेच दिसतात.

त्या रविवारी मी बाबांना फोन केला. माझे बाबा शाळेत गणित शिकवायचे, आणि उन्हाळ्यात दहावीच्या पेपरांचे मॉडरेटर असायचे. म्हणजे परीक्षकांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासणारे. कापडात शिवलेले, लाखेचं सील लावलेले गठ्ठे घरी यायचे, आणि ते असेपर्यंत पुढच्या खोलीचं दार बंद. आम्ही भावंडांनी आत पाऊल टाकायचं नाही. परीक्षकाचं पेन लाल, बाबांचं हिरवं. प्रत्येक गठ्ठ्यातले काही वरचे, काही मधले, काही खालचे पेपर काढून ते स्वतः तपासायचे, आणि मग ठरवायचे की हा परीक्षक सढळ आहे की कंजूष. जेवताना आईला सांगायचे, आज एक असा भेटला, की पोराने देवाचं नाव लिहिलं तरी दोन मार्क देतो.

मी त्यांना सगळं समजावलं. फुटबॉल कसला ते त्यांना कळलं नाही, अंड्यासारख्या चेंडूवर ते जरा अडकले. पण गट म्हटल्यावर लगेच पकडलं.

“म्हणजे गठ्ठेच की,” ते म्हणाले. “मग एका गठ्ठ्यातला पेपर दुसऱ्या गठ्ठ्यातल्या पेपराशी भिडतो केव्हा?”

मी सांगितलं, फार थोड्या वेळा. सप्टेंबरात काही सामने, आणि मग नाताळच्या सुमाराला काही.

“कोण कोणाशी? वरचा वरच्याशी, की वरचा खालच्याशी? ते बघ आधी. नुसता निकाल बघू नको.”

मी ते बघायला लागले आणि माझं डोकं आणखीच फिरलं. सप्टेंबरात बलाढ्य टीम दूरच्या एखाद्या दुबळ्या टीमला आपल्या घरी बोलावते आणि बडवते. नाताळच्या सुमाराला एका गटातले निवडक दुसऱ्या गटातल्या निवडकांशी खेळतात, तेही बहुतेक दक्षिणेतल्या उबदार गावात, जिथे आमच्या टीमला घाम फुटतो. मधल्या टीम एकमेकींच्या वाटेला जातच नाहीत. म्हणजे एक परीक्षक दुसऱ्याचे फक्त नापास पेपर बघणार, नाहीतर फक्त पहिल्या नंबरचा बघणार, आणि त्यावरून अख्ख्या गठ्ठ्याचा निवाडा करणार. बाबांनी असं काम केलं असतं तर बोर्डाने त्यांना दुसऱ्या वर्षी बोलावलं नसतं.

प्रोफेसरांनी मला एका शनिवारी स्वतःचं एक जास्तीचं तिकीट दिलं. म्हणाले, आकडे पुरे, माणसं बघ. मी वही घेऊन गेले. एवढी माणसं एका जागी मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि सगळी एका सुरात ओरडत होती. समोर एक छोटी टीम होती, कुठूनतरी लांबून बसने आलेली. त्यांचे लोक एका कोपऱ्यात मूठभर. अर्धा खेळ होईतो निकाल लागला होता. मग आमच्या कोचने मुख्य खेळाडू बसवले आणि राखीव पोरं उतरवली, म्हणजे शेवटी जो फरक राहिला तोही खरा नव्हता. लोक मात्र खूश. माझ्या शेजारच्या बाई मला मिठी मारून म्हणाल्या, आपली कॉन्फरन्स म्हणजे कॉन्फरन्स. मला त्या मूठभर लोकांकडे बघवेना. घरी येऊन मी रूममेटवर उगाचच खेकसले, तिचा काही संबंध नसताना.

नोव्हेंबरात माझा हिशेब जुळला. आमचा गट आणि दक्षिणेचा गट, दोघांच्या बळाचे अंदाज मी काढले. कुठला सामना कुणाच्या घरी, वरची टीम कुणाची, खालची कुणाची, सगळं धरून काढले. आणि ते अंदाज एकमेकांवर असे चढलेले निघाले, की कोण वर हे सांगणं म्हणजे शुद्ध थाप ठरली असती. सामनेच पुरेसे नव्हते. मी तेच लिहिलं.

प्रोफेसरांनी मसुदा वाचला. वाचताना मिशी एका बाजूने चावत होते. पद्धत चांगली आहे म्हणाले, मग एका ओळीवर बोट ठेवलं. हा सामना आपण हरलो तो धो धो पावसात. असला सामना धरू नये, त्याने काही कळत नाही. तो काढ, मग बघ आकडा काय येतो. मी त्यांच्यासमोरच काढून दाखवला. आमचा गट टिचभर वर आला. त्यांचा चेहरा खुलला. मी म्हटलं, आता पावसातले सगळेच सामने काढते, दक्षिणेचेही आणि आपण जिंकलेलेही. काढले. आमचा गट पुन्हा जिथल्या तिथे. माणूस लबाड नव्हता, हे मला आजही म्हणायचंय. त्यांना मनापासून वाटत होतं, की तो पाऊस अन्याय होता.

मग ते म्हणाले, की निष्कर्ष नसलेलं प्रोजेक्ट कमिटीला अपुरं वाटेल, आणि तुझ्या बाबतीत कमिटी आधीच काठावर आहे. विचार कर. धमकी नव्हती ती, खरी माहिती होती. रूममेटला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला.

“एक पाऊस काढून टाक ना यार. त्याला बरं वाटेल, तुला सीट मिळेल. फुटबॉल आहे ते. तुझ्या बापाचं काय जातंय?”

माझ्या बापाचंच तर जात होतं. पण हे तिला कुठून समजावू? मी दोन दिवस धड जेवले नाही. सीट हवी होती मला, जीव टाकून हवी होती. नुसतं मास्टर्स घेऊन नागपूरला परत गेले असते, तर शेजारच्या काकांनी काही विचारलं नसतं, आणि त्या न विचारण्यानेच मेले असते. तरी हात धजेना. एका पेपराला हिरवं पेन लावायचं आणि शेजारच्याला नाही, हे मला जमणाऱ्यातलं नव्हतं. मी मसुदा होता तसाच ठेवला.

डिसेंबरात कमिटीसमोर उभी राहिले. बाहेर गुडघाभर बर्फ. तिघे होते: आमचे प्रोफेसर, एक अबोल गृहस्थ जे शेवटपर्यंत अबोलच राहिले, आणि दक्षिणेत वाढलेल्या एक प्रोफेसरबाई, बोलायला अगदी मधाळ. मी सगळं मांडलं. शेवटी म्हटलं, या सामन्यांवरून कुठला गट भारी ते सांगता येत नाही, आणि जो सांगतो तो आपल्या गावाबद्दल बोलतो, आकड्यांबद्दल नाही. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, पण बेटा, दक्षिणेचा गट वरचढ आहे हे तर सगळ्यांना माहीत आहे. आमच्या प्रोफेसरांनी मान हलवून नकार दिला. दोघांची माझ्या डोक्यावरून जुंपली. आणि मजा अशी, की दोघेही माझाच तक्ता एकमेकांना दाखवत होते.

ते भांडण शमल्यावर प्रोफेसरांनी माझी जुनी फाइल उघडली. काम स्वच्छ आहे म्हणाले, पण पीएचडीचा प्रश्न आला की आम्हाला सगळंच बघावं लागतं. पदवीचे एकसष्ट टक्के. तुमच्याच देशातून आलेल्या आमच्या इतर विद्यार्थ्यांना सत्तरच्या वर आहेत. आणि वर्गातला नंबर लिहायची जागा तू कोरी सोडलीस.

कोरी का सोडली होती? तर आमच्याकडे नंबर म्हणजे मेरिट. अख्ख्या विद्यापीठात पहिल्या दहांत आलात तर तुमचा नंबर, पेपरात फोटो, सत्कार, शाल. त्याखालच्यांना नंबर नसतो, नुसते टक्के असतात. मी मेरिटमध्ये नव्हते. मग त्या रकान्यात काय लिहू? लिहिलं असतं तर खोटं बोलल्यासारखं वाटलं असतं. आमच्या कॉलेजमधून अमेरिकेला अर्ज केलेल्या प्रत्येकाने तो रकाना असाच सोडला होता. शहाणपण सांगायला कुणी नव्हतंच.

मी हे जमेल तसं सांगितलं. मधाळ बाईंनी विचारलं, पण कॉलेजमध्ये तू कितवी होतीस?

“साठांत दुसरी,” मी म्हटलं.

माझ्या कानशिलांतून वाफ निघत होती, आणि निम्मा राग माझा माझ्यावरच होता. दीड वर्ष मी स्वतःला काठावरची समजून वागत होते, एका कोऱ्या चौकोनापायी. प्रोफेसर म्हणाले, हे तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं. पण तरी, तुमच्या त्या कॉलेजचा दर्जा काय, हे आम्हाला माहीत नाही. तिथली दुसरी म्हणजे इथली कोण?

एवढं ऐकलं मात्र, मी भीती विसरले. मगाशी जे मी तासभर मांडत होते, तेच हा माणूस माझ्या तोंडावर मला शिकवत होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

“नाही ना माहीत? मग एकसष्टचं तरी कशावरून माहीत आहे?” मी म्हटलं. “ते एकसष्ट आणि ते सत्तर कधी एकमेकांशी भिडलेच नाहीत. तुम्ही दोन गटांचे आतले निकाल शेजारी ठेवून मला खाली ढकललंत. मला सीट देऊ नका. पेपर द्या. जानेवारीत पीएचडीवाल्यांची क्वालिफाइंग परीक्षा आहे, त्यात मला बसवा. तोच पेपर, तोच तपासणारा, त्याच दिवशी. नापास झाले तर मास्टर्स घेऊन गुपचूप जाईन.”

नियमात असं नव्हतं. मास्टर्सवाल्यांना त्या परीक्षेला बसवत नसत. ते तिघे मला बाहेर पाठवून बराच वेळ बोलत राहिले. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून बूट पुसत होते, बर्फाचं पाणी काही सुकेना. मग मधाळ बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, एकदाच. दुसरी संधी नाही.

नाताळच्या सुट्टीत सगळं गाव रिकामं झालं. रूममेटही कुठे जाणार नव्हती, कारण तिचीही तीच परीक्षा होती. पहिले दोन दिवस आम्ही आपापल्या खोलीत दारं लावून अभ्यास केला. तिसऱ्या दिवशी ती चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, की संभाव्यतेतला तो मार्कोव्ह साखळ्यांचा धडा तिच्या डोक्यात शिरत नाहीये. मी शिकवला. मग तिने मला सिद्धता लिहायला शिकवलं, कारण आमच्याकडे सिद्धता पाठ करायची असते, लिहायची नसते. तीन आठवडे आम्ही दोघी जेवायच्या टेबलावर समोरासमोर बसलो, खिचडीवर खिचडी खात. टक्क्यांचं नाव कुणी काढलं नाही. एकदा तीच मला विचारून गेली, “काय करून राहिलीस गं?” आणि स्वतःच दचकली.

परीक्षेला आम्ही चौदा जण होतो. सहा तासांचा पेपर. हात दुखून आला, पण हात थांबला नाही. वीस दिवसांनी विभागातल्या फळ्यावर यादी लागली, क्रमाने. रूममेट तिसरी होती. मी चौथी. आमच्या खाली दहा जण होते, आणि त्यातले दोन सत्तरच्या वरचे. मी बाबांना फोन लावला. त्यांनी नंबर दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, तपासणारा एकच होता ना? मी म्हटलं, एकच. “मग हौ, खरा निकाल,” ते म्हणाले, आणि रडायला लागले. मीही रडले. शरम कसली त्यात.

रूममेटने त्या दिवशी शिरा केला. खाता खाता म्हणाली, तिसरी आणि चौथीत फरक काय असतो गं? मी म्हटलं, एका पेपरावरून सांगता यायचं नाही. दोघी हसलो.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांनी बोलावलं. पीएचडीचं पत्र टेबलावर होतं, सही झालेलं. त्यांनी उठून हात मिळवला, आणि मनापासून मिळवला. मग खुर्चीत रेलून म्हणाले, की तू आमचे डोळे उघडलेस, तुमचं ते विद्यापीठ आम्ही समजत होतो त्यापेक्षा बरंच भारी दिसतंय.

मी पत्र उचललं. थँक यू म्हणायला हवं होतं, आणि म्हटलंही. पण जीभ थांबेना.

“ते असं ठरत नाही, प्रोफेसर. ही एक मॅच झाली. आम्ही भारी की हलके हे बघायचं असेल, तर आमच्याशी आणखी खेळा.”

त्यांनी मिशी चावली. मग समोरच्या कागदावर आमच्या विद्यापीठाचं नाव लिहून घेतलं.

पुढच्या ऑगस्टमध्ये आमच्या विद्यापीठातून तिघे जण आले, साठ-बासष्टवालेच. दोघे तरले. एक पहिल्याच परीक्षेत सपशेल आपटला, आणि लगेच विभागात कुजबुज सुरू झाली, की बघा, तिकडची पोरं. मी त्या कुजबुजणाऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसले आणि विचारलं, त्याच यादीत खाली पुण्या-मुंबईची दोन नावं आहेत, दिसली का? ती नापास झाली तर ती नापास झाली. मग आमचा एक नापास झाला, तर आमचं अख्खं गाव कसं काय नापास होतं?